लाल पेन



मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. धागा तुटला की बोटाने जोडायचा, एवढंच माझं काम. शाळा नववीला सुटली. पुढचं जे काय वाचलं ते तिसऱ्या पाळीवरून आल्यावर, डोळे चुरचुरत असताना वाचलं. त्यामुळे या लेखात कुणाला पंडिती थाट दिसला नाही तर माफी मागणार नाही. पण तारखा तपासून लिहिल्यात. आपल्या माणसाने लिहिलेल्या इतिहासात एक तारीख चुकली की ते सगळा इतिहासच खोटा म्हणतात, हे आपल्याला माहीत आहे.

विषय माझ्या घरातून सुरू झाला.

आम्ही कर्वेनगरच्या एका वस्तीत राहतो. धाकटी बहीण कॉलेजात शिकते, फ्रीशिपवर. घरातली पहिलीच. एप्रिलमध्ये तिच्या कॉलेजातल्या पोरापोरींनी जयंतीचा कार्यक्रम ठरवला आणि मला कविता वाचायला बोलावलं. ज्या कॉलेजात मी कधी शिकायला जाऊ शकलो नाही तिथं मी कविता वाचणार, म्हणून आईने माझा शर्ट दोनदा धुतला.

मग ऑफिसातून एक फॉर्म आला. हॉल पाहिजे तर फॉर्म भरा. तारीख, वेळ, किती माणसं, माईक लागणार का. इथपर्यंत ठीक. हॉल एक आणि मागणारे दहा, तर कुणीतरी वही ठेवलीच पाहिजे. पण खाली आणखी एक रकाना होता : वाचल्या जाणाऱ्या मजकुराची प्रत जोडावी. बहिणीने माझ्या तीन कविता जोडल्या. चार दिवसांनी दोन कविता परत आल्या आणि तिसरीवर लाल पेनाने रेघ. तिसरी कविता माझ्या आईवर होती. आई एका हॉस्टेलचे संडास धुते, त्यावर. एका शब्दाभोवती गोल केला होता. शब्द होता ‘बामण’.

“हा शब्द नको,” क्लार्क म्हणाला. “वातावरण बिघडतं.”

बहीण रात्री म्हणाली, “दादा, दुसरी वाच ना. माझं हमीपत्र त्यांच्याकडे आहे.”

अॅडमिशनच्या वेळी तिच्याकडून सही घेतली होती, शिस्त मोडणार नाही म्हणून. शिस्त म्हंजे काय ते त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. पोरगी घाबरली होती आणि तिचं घाबरणं चुकीचं नव्हतं. फ्रीशिप गेली तर आमच्या घरात दुसरा पगार नाही.

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. सुट्टीच्या दिवशी वाचनालयात जाऊन बसलो. हा लाल पेन आला कुठून, ते बघायचं होतं.

पहिल्यांदा आपण राहतो त्या जागेचं बघितलं. कर्वेनगर म्हंजे जुनं हिंगणं. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून मुरुडच्या जातवाल्यांनी वाळीत टाकलं. १८९६ मध्ये त्यांनी संस्था काढली आणि १९०० मध्ये आश्रम हिंगण्याच्या माळावर, एका झोपडीत आला. आश्रम सुरुवातीला मुख्यतः ब्राह्मण विधवांचाच होता. आपल्या आज्या-पणज्यांसाठी ते दार नव्हतं हे विसरायचं कारण नाही. पण दुसरीही गोष्ट आहे. १९१६ मध्ये याच माणसाने बायकांसाठी विद्यापीठ काढलं. सरकारची सनद नव्हती, तरी मातृभाषेतून शिकवायला सुरुवात केली. पुढे ठाकरसींच्या देणगीने त्याला नाव मिळालं, १९३६ मध्ये कारभार मुंबईला गेला आणि सरकारी मान्यता यायला १९५१ उजाडलं. म्हंजे या मातीतलं पहिलं विद्यापीठ पस्तीस वर्षं सरकारी परवानगीशिवाय चाललं. आज त्याच मातीत कविता वाचायला परवानगी लागते.

पण मला थोरल्या कर्व्यांपेक्षा त्यांचा पोरगा जास्त भावला. रघुनाथ धोंडो कर्वे. जन्म १४ जानेवारी १८८२, मृत्यू १४ ऑक्टोबर १९५३. या दोन्ही तारखा आपल्या काळजातल्या आहेत, वेगळ्या कारणाने. तो निव्वळ योगायोग, पण माझ्या लक्षात त्यामुळेच राहिला.

हा माणूस मुंबईत विल्सन कॉलेजात गणित शिकवायचा. १९२१ मध्ये बायकोच्या, मालतीबाईंच्या साथीने त्याने संततिनियमनाचं केंद्र उघडलं, देशातलं पहिलं. उघड बोलायचा, लिहायचा की बाईला किती पोरं व्हावीत हे बाईने ठरवावं. कॉलेज म्हणालं, हे थांबवा नाहीतर नोकरी सोडा. १९२५ मध्ये त्याने नोकरी सोडली. लक्षात घ्या, वर्गात तो गणितच शिकवत होता. त्याच्या गणितात चूक निघाली नव्हती. कॉलेजच्या बाहेर तो जे बोलत होता त्याची शिक्षा कॉलेजात झाली. हे पहिलं लाल पेन. आणि नोकरी घालवणारी संस्था सनातन्यांची नव्हती, मिशनऱ्यांची होती. तोंड दाबणारा हात एकाच धर्माचा असतो असं आपण समजतो, ते बरोबर नाही.

आता १९२७ साल बघा. २० मार्चला चवदार तळं. ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक. जुलैत कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू. २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृतीचं दहन. आणि त्याच १९२७ मध्ये इंग्रज सरकारने दंडविधानात २९५-अ कलम घातलं, धर्मभावना मुद्दाम दुखावल्या तर शिक्षा. एकाच वर्षी आपल्या लोकांचं तोंड उघडलं आणि ते बंद करायला वापरता येईल असं कलमही जन्माला आलं. आपल्यासाठी ते कलम केलं असं मी म्हणत नाही, त्याचं कारण वेगळं होतं. पण कायदा एकदा झाला की तो कुणाच्या हातात जातो ते बघावं लागतं. दंडविधान बदलून १ जुलै २०२४ पासून न्यायसंहिता आली, तरी ते कलम २९९ नंबर लावून तसंच बसलंय.

कर्व्यांवर मात्र दुसरं कलम लागलं, अश्लीलतेचं. १९३१ मध्ये ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून पुण्याच्या सनातनी मंडळींनी त्यांना कोर्टात खेचलं. शंभर रुपये दंड. माणूस थांबला नाही. वाचक लैंगिक प्रश्न विचारायचे, तो सरळ उत्तरं छापायचा. त्यावरून १९३४ मध्ये दुसरा खटला उभा राहिला, मुंबईच्या कोर्टात. या खटल्यात कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं होतं बॅरिस्टर भीमराव रामजी आंबेडकर यांनी.

मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बाहेर जाऊन चहा प्यालो. आपल्या वस्तीत बाबासाहेबांचे बारा फोटो आहेत. काळाराम, गोलमेज, येवला, नागपूर, सगळं पोरांना तोंडपाठ. पण हा खटला आम्हाला कुणी सांगितला नव्हता.

जरा त्या दिवसांचा विचार करा. १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्याला पुणे करार झालेला. सगळा सवर्ण हिंदुस्थान बाबासाहेबांवर दात खाऊन. आपली माणसं गावोगाव मार खात होती. अशा वेळी एका ब्राह्मणाच्या मासिकासाठी, तेही स्त्री-पुरुष संबंधांवरच्या प्रश्नोत्तरांसाठी, कोर्टात उभं राहायचं. यातून बाबासाहेबांना एक मत मिळणार नव्हतं. उलट आपल्यातलेच म्हातारेकोतारे म्हणाले असते, साहेब हे काय घाणेरडं प्रकरण हातात घेतलं. तरी घेतलं. बाबासाहेबांच्या म्हणण्याचा गाभा असा होता : लोकांना प्रश्न पडतात, ते विचारतात, तर त्यांना उत्तर मिळालं पाहिजे. विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लिखाण अश्लील ठरत नाही. अज्ञान ज्ञानानेच जातं, प्रश्न दाबून जात नाही.

खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. आपण जिंकलेल्या लढायांचे पोवाडे गातो, म्हणून ही हरलेली लढाई आपल्या पोवाड्यात नाही. पण बाबासाहेब हरून गप्प बसले नाहीत. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबईच्या विधिमंडळात त्यांच्या पक्षाच्या रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव आणला, त्यामागे बाबासाहेबांचंच भाषण होतं. तोही ठराव पडला. देशाला ते धोरण घ्यायला पुढं बरीच वर्षं लागली.

का घेतलं असेल हे वकीलपत्र? मला जे उत्तर सापडतं ते साधं आहे. ज्या माणसाचं स्वतःचं तोंड पिढ्यान्‌पिढ्या बांधलेलं होतं, ज्याच्या जातीला अक्षर ऐकायला बंदी होती, त्याला कळतं की लाल पेन एकदा चालू झालं की ते फक्त कर्व्यांवर थांबत नाही. आणि तसंच झालं. दोनच वर्षांनी, १९३६ मध्ये, लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण आधी मागवून वाचलं, आणि त्यातला काही भाग गाळा म्हणाले. मजकुराची प्रत जोडावी! बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असा पवित्रा घेतला. परिषद रद्द झाली. मग त्यांनी स्वतःच्या खर्चाने पंधराशे प्रती छापल्या. जे भाषण कधी झालंच नाही ते आज जगभर वाचलं जातं. ते भाषण मागवणारे सुधारक होते बरं का, शत्रू नव्हते.

बाबासाहेबांनी स्वतः कॉलेजं काढली तेव्हा काय केलं? १९५० मध्ये औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज सुरू झालं, तेच पुढचं मिलिंद. तिथल्या प्राचार्य म. भि. चिटणीसांनी ‘युगयात्रा’ नाटक लिहिलं, आपल्या माणसांच्या युगानुयुगांच्या छळाचं. १९५५ मध्ये ते कॉलेजच्या पोरांनी केलं, आणि १९५६ च्या दीक्षेच्या वेळी नागपूरला अफाट जनसमुदायापुढे झालं. धर्मग्रंथांना प्रश्न विचारणारं नाटक, आणि लिहिणारा प्राचार्य. त्याच कॉलेजात शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांनी पुढे ‘अस्मितादर्श’ चालवलं. म्हंजे आपलं साहित्य कॅम्पसच्या पोटातून आलं. रोपाला पाणी कुठून मिळालं ते बघा. त्या नाटकाच्या प्रतीवर लाल पेन फिरलं असतं तर आज तुमच्या हातात ही पानं नसती.

पुढचा इतिहास तुम्हाला माहीत आहे, पटकन सांगतो. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. एका नावासाठी मराठवाडा पेटवला गेला. पोचिराम कांबळे गेले. १९७९ चा लाँग मार्च झाला. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. साडेपंधरा वर्षं. विद्यापीठाच्या कमानीवर कुठला शब्द लिहायचा यासाठी आपण जेवढं रक्त दिलं तेवढं कुणी दिलेलं नाही. त्यामुळे कॅम्पसवर काय बोलावं हा विषय ज्यांचा आहे त्यांचा असेल असं म्हणून आपल्याला बाजूला होता येत नाही.

मधल्या काळात १९८७ साली सरकारनेच बाबासाहेबांच्या लिखाणाचा चौथा खंड छापला. त्यातल्या राम आणि कृष्णावरच्या प्रकरणावरून गदारोळ उठला, ते काढून टाका म्हणून. ५ फेब्रुवारी १९८८ ला आपली लाखो माणसं मुंबईच्या रस्त्यावर उतरली. शेवटी प्रकरण राहिलं, सरकारने खाली टीप टाकली की या मतांशी शासन सहमत असेलच असं नाही. मला तो तोडगा आवडतो. तुमचं मत वेगळं आहे ना? लिहा खाली. पान फाडू नका.

आता पुण्याच्या विद्यापीठात या. कर्वेनगरहून फार लांब नाही. २०१४ पासून त्याच्या कमानीवर सावित्रीमाईंचं नाव आहे. शिकवायला निघाली म्हणून जिच्या अंगावर शेण टाकलं तिचं नाव. २ फेब्रुवारी २०२४ ला तिथल्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांनी परीक्षेचं नाटक केलं. रामलीलेत काम करणारे नट पडद्यामागं कसे असतात, असा विषय. दुसऱ्या विद्यार्थी संघटनेच्या पोरांनी ते बंद पाडलं. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थ्यांना पोलिसांनी अटक केली, २९५-अ लावून. कोर्टाने जामीन दिला. केंद्रात मोडतोड झाली. परीक्षेचं नाटक होतं ते. मार्क द्यायला परीक्षक बसले होते, निकाल जमावाने लावला.

हे वाचून तुमच्या मुठी वळल्या असतील. माझ्याही वळल्या. आता थांबा, कारण मला पुढचं लिहायचं आहे ते अवघड आहे.

त्याच विद्यापीठात १२ मे २०१२ ला आणखी एक ऑफिस फुटलं होतं. प्रा. सुहास पळशीकरांचं. अकरावीच्या पुस्तकात १९४९ सालचं शंकर यांचं एक व्यंगचित्र होतं. गोगलगायीवर बाबासाहेब, मागं चाबूक घेऊन नेहरू. घटना तयार व्हायला उशीर होतोय अशी ती टीका. चित्र बघून आपल्या माणसाच्या काळजाला घर पडतं, कारण चाबूक आपल्या पाठीला ओळखीचा आहे. ते दुःख खोटं नव्हतं. संसदेत गोंधळ झाला, सरकारने चित्र मागं घ्यायचं कबूल केलं, पळशीकरांनी सल्लागारपदाचा राजीनामा दिला. आणि त्यानंतर त्यांचं ऑफिस फोडलं. फोडणारे ‘रिपब्लिकन’ नाव लावणारे होते. आपले होते.

ते चित्र छापून आलं तेव्हा बाबासाहेब हयात होते, कायदेमंत्री होते. व्यंगचित्रकाराच्या ऑफिसवर त्यांनी माणसं धाडली नाहीत. त्यांनी उत्तर दिलं ते नोव्हेंबर १९४९ मध्ये घटना पुरी करून, संविधान सभेत उभं राहून, किती काळ लागला आणि का लागला याचा हिशोब देऊन.

एकाच आवारातली ही दोन ऑफिसं. एक त्यांनी फोडलं, एक आपण. दोन्ही वेळा कारण तेच सांगितलं गेलं : भावना दुखावल्या. मला ठाऊक आहे, दोन्ही बाजू सारख्या नाहीत. त्यांच्यामागे सत्ता होती, आपल्यामागे जखम. पण काचा वेचणारा शिपाई बहुतेक आपलाच भाऊ असतो. आणि जे कारण आपण एकदा मान्य केलं ते उद्या आपल्यावर वापरायला त्यांना कोण अडवणार? भावना मोजायची वेळ आली की देशात कुणाच्या भावना जास्त भरतील, याचा हिशोब पोरांनो तुम्हीच करा.

याचा अर्थ काहीही चालेल असा नाही. जातीचं नाव घेऊन माणसाला हिणवणं हे मत नाही, त्याला १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे, तो वापरायचा, सोडायचा नाही. घर पेटवा म्हणणं हेही मत नाही. १९७८ मध्ये ते काय असतं ते आपण बघितलंय. पण टीका, चित्र, नाटक, कविता, चुकीचं वाटणारं भाषण, याला उत्तर शब्दाने द्यायचं.

आता कामाचं सांगतो. घटनेच्या कलम १९(१)(क) ने भाषणाचं स्वातंत्र्य दिलंय, १९(२) ने त्यावर वाजवी निर्बंध घालायची मुभा राज्याला दिलीय, पण ती कायद्याने घालायची. हा ‘वाजवी’ शब्द १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने आला, आणि त्याच दुरुस्तीने निर्बंधांची यादीही वाढली. बाबासाहेब तेव्हा कायदेमंत्री होते आणि त्यांनी ती दुरुस्ती हंगामी संसदेत उचलून धरली, हेही लपवू नका. सरकारी विद्यापीठ घटनेच्या दृष्टीने ‘राज्य’ आहे, म्हणून त्याच्यापुढे हा हक्क थेट सांगता येतो. खाजगी संस्थेपुढे तेवढा सोपा नाही. म्हणून आपलं कॉलेज कुठल्या प्रकारात बसतं ते आधी बघा. हॉल, वेळ, माईक याचा नियम सगळ्यांना सारखा असेल तर पाळा. मजकुराचा नियम दाखवला तर विचारा : कुठल्या नियमाने? लेखी द्या. आणि विद्यार्थी प्रतिनिधी मागा. १९९४ च्या कायद्याने कॉलेजातलं मतदान संपवलं, २०१६ च्या कायद्याने कागदावर परत आणलं, पण त्यानंतरही वर्षानुवर्षं मतपेटी दिसली नाही. फॉर्म कुणी छापला याचं उत्तर तिथं आहे.

मी बहिणीला म्हणालो, “तू काही करू नको. अर्ज माझ्या नावाने जाईल.” मी अर्ज दिला, कविता कुठल्या नियमाने कापली ते कळवा. पोच घेतली. उत्तर आलं नाही. जयंतीला आत दोन कविता वाचल्या आणि सांगितलं, तिसरी फाटकाबाहेर वाचणार आहे. रस्त्याच्या कडेला तीस-चाळीस पोरं थांबली. हॉस्टेलच्या दोन झाडूवाल्या बाया थांबल्या. क्लार्कही थांबला होता, हे सांगायला हवं. ऐकून तो काही बोलला नाही, मान खाली घालून सायकल काढली.

आणि एक गोष्ट राहिली. मागच्या वर्षी आमच्या वस्तीच्या जयंती कमिटीत मी होतो. सतरा वर्षांच्या एका पोराने कविता आणली. कमिटी वर्गणीतून डीजेला किती देते आणि अभ्यासिकेच्या बल्बला किती, त्यावर. मी वाचली, घडी केली आणि म्हणालो, “पोरा, आज नको. वातावरण बिघडतं.”

माझ्या हातात पेन नव्हतं, एवढाच फरक. तो पोरगा त्यानंतर माझ्याकडे कविता घेऊन आला नाही. परवा त्याच्या दारात गेलो. घडी केलेला कागद त्याने ठेवला होता. यंदा वस्तीच्या कार्यक्रमात पहिली कविता त्याची.

जय भीम.